पहिला अपराध

गुडघ्यांनी फारच कुरकुर मांडली की मी चार दिवस अकलोलीला जातो. भिवंडी तालुक्यातले हे लहानसे गाव वज्रेश्वरीहून पायी जाण्याच्या अंतरावर, तानसा नदीच्या काठी आहे. काठावर रामेश्वराचे देऊळ आणि देवळाजवळ ऊन पाण्याची दगडी कुंडे आहेत. पाण्याला गंधकाचा वास येतो. वज्रेश्वरीने मारलेल्या दैत्यांचे रक्त अजून निवालेले नाही, म्हणून हे पाणी ऊन, अशी इकडची कथा आहे. भूगर्भशास्त्राला ती मान्य होणार नाही. संधिवाताच्या रोग्यांना मात्र तिची काहीच अडचण वाटत नाही. कोणा एका दैत्याला झालेल्या शिक्षेने आपला गुडघा सुधारतो आहे, ही कल्पना माणसाला मुळीच टोचत नाही, हे मला त्या पाण्यात बसल्याबसल्या अनेकदा जाणवले आहे.

गेल्या खेपेस माझ्याबरोबर माझे एक स्नेही होते. सत्र न्यायाधीश म्हणून त्यांनी बरीच वर्षे काम केले आणि आता ते निवृत्त आहेत. शनिवारची रात्र होती. अलीकडे या बाजूला शहरातल्या लोकांची फार्महाऊसे झाली आहेत. त्यांपैकी कुठल्याशा जागेत तरुण मंडळींचा जलसा चालला होता आणि त्याचा ठेका आमच्या खोलीच्या भिंतीपर्यंत पोहोचत होता. मी कानांत कापूस घालून झोपलो. स्नेही झोपले नाहीत. पहाटे कुंडात उतरल्यावर ते एकदम म्हणाले, 'तीन-साडेतीन ग्रॅम म्हणजे किती, ठाऊक आहे तुम्हांला? जेमतेम चमचाभर साखर.'

ज्या गोष्टीने त्यांना रात्रभर जागवले होते ती सांगण्याआधी कायदा थोडा सांगितला पाहिजे, कारण तो पुष्कळांना माहीत नसतो आणि ज्यांच्या मुलांवर वेळ येते त्यांना फार उशिरा माहीत होतो.

१९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला, त्यात प्रथम वजनाला फारसे स्थान नव्हते. स्वतःच्या सेवनापुरते थोडे जवळ असले तर गोष्ट वेगळी. एरवी बहुतेक पदार्थांच्या बाबतीत गुन्हा शाबीत झाला की किमान दहा वर्षे, मग पुडी असो की पोते. २ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तीन पायऱ्या केल्या. अल्प प्रमाण असेल तर शिक्षा थोडी. २०१४ पासून ती एक वर्षापर्यंत आहे. व्यापारी प्रमाणाहून अधिक असेल तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. या दोहोंच्या मध्ये जे पडेल त्याला दहा वर्षांपर्यंत कितीही, आणि किमान काहीच नाही. पार्ट्यांत चालणाऱ्या 'एमडीएमए'च्या गोळ्यांची अल्प प्रमाणाची रेषा अर्ध्या ग्रॅमवर आहे आणि व्यापारी प्रमाणाची दहा ग्रॅमवर. मेफेड्रोन म्हणजे ज्याला पोरे 'एमडी' म्हणतात तो पदार्थ. तो या कायद्याखाली २०१५ मध्ये आला आणि त्याची रेषा पन्नास ग्रॅमवर आहे. एलएसडीची तर एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यावर.

बरे, वजन कशाचे करायचे? गोळीत शुद्ध द्रव्य थोडे असते आणि भेसळ पुष्कळ असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले की भेसळीसकट सगळ्याचे वजन धरायचे. एलएसडी कागदाच्या चिमुकल्या चौकोनांवर उतरवून विकतात. तो कागदही वजनात धरावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. या निर्णयांना कारणे आहेत आणि ती पोरकट नाहीत. विष विकणारा ज्या रूपात ते विकतो त्याच रूपात ते मोजावे, हे म्हणणे समजण्याजोगे आहे. परंतु परिणाम काय होतो पाहा. एक गोळी अर्ध्या ग्रॅमची धरली तर वीस गोळ्यांचे दहा ग्रॅम होतात. तिथपर्यंत न्यायाधीश एका दिवसाचीही शिक्षा देऊ शकतो. एकविसावी गोळी तराजूत पडली की दहा वर्षांखाली त्याला येता येत नाही. आणि त्या एकविसाव्या गोळीत औषधापेक्षा खडू जास्त असेल, तरी नाही.

'दहा ग्रॅमच्या खाली मी न्यायाधीश होतो,' स्नेही म्हणाले, 'वर गेलो की वजनकाट्यावरचा कारकून.'

या वाक्यावर मी लगेच मान डोलावली, आणि मग वाटले, आपण घाई करतो आहोत. कायद्याने तराजू हाती धरला तो काही केवळ आळसाने नव्हे. १९८० नंतरच्या दशकात मुंबईत आणि पुण्यात गर्दने घरेच्या घरे पोखरली, ते ज्यांनी पाहिले त्यांना मी काय म्हणतो ते सांगायला नको. अनिल अवचटांनी त्यावर 'गर्द' लिहिले, आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. आमच्या चाळीतल्या एका मुलाने त्या काळी आईच्या अंगावरचे मंगळसूत्र सोडून घरातले सगळे विकले. मंगळसूत्र सोडले कारण ती ते गळ्यातून काढीत नसे. त्याला पहिली पुडी देणारा त्याच्याच वयाचा, त्याचाच मित्र होता. त्याचाही तो पहिलाच अपराध असेल. त्या आईला जर कोणी विचारले असते की त्या मित्राला काय शिक्षा करावी, तर तिने ग्रॅम विचारले नसते. आणि आता तर हा धंदा पुड्यांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या पोलिसांनी भिवंडीतल्या एका सदनिकेवर छापा घालून द्रवरूप मेफेड्रोन पकडले. ते सुमारे आठशे किलो भरले. आम्ही ज्या तालुक्यात गुडघे शेकत बसलो होतो त्याच तालुक्यातली ही गोष्ट. अशा धंद्यापुढे न्यायाधीशाच्या मनाच्या मृदुतेवर विसंबून राहावे, असे कोणते सरकार म्हणेल? माणूस मोजता येत नाही, माल मोजता येतो. म्हणून माल मोजला.

पण तो आठशे किलोवाला आणि तीन ग्रॅमवाला यांच्यामध्ये फार मोठी साखळी असते, आणि हाताला लागतो तो बहुधा शेवटचा दुवा. ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री ठाण्याच्या घोडबंदर भागात, कासारवडवलीकडे खाडीकाठी चाललेल्या अशाच एका जलशावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा नव्वदांहून अधिक तरुण जमलेले होते. आयोजक म्हणून ज्यांना अटक झाली ते दोघेही कोवळ्या वयाचे. त्या खटल्याविषयी मी काही बोलत नाही, तो न्यायालयाचा विषय आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की न्यायासनापुढे या प्रकारात जे चेहरे येतात ते बहुधा असे असतात: मिसरूड नुकते फुटलेले, आणि पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदा चढलेले.

आता स्नेह्यांची हकीकत. तपशील त्यांनी बदलून सांगितले आणि मी आणखी थोडे बदलले आहेत.

त्यांच्यापुढे काही महिन्यांच्या अंतराने दोन खटले निकालाला आले. दोन्ही मुले घटनेच्या वेळी विशीतली. दोघांजवळ गोळ्याच, तीन-साडेतीन ग्रॅम, म्हणजे मधल्या पायरीवर. दोघांवर पूर्वी काहीही नाही. पहिला महाविद्यालयात शिकणारा. मित्राच्या वाढदिवसासाठी त्याने गोळ्या मिळवल्या आणि वाटल्या; पैसे घेतले ते आणले तेवढेच. दुसरा यंत्रमागाच्या वस्तीतला. दिवसा घरोघर जेवणाचे डबे पोहोचवी. एके रात्री कोणी एक पाकीट अमुक ठिकाणी दे म्हणाले आणि पाचशे रुपये दिले. पाकिटात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते, असे काही झाले नाही. ठाऊक होते, हे पुराव्यात आले. पहिल्याला पाच महिन्यांत जामीन मिळाला. जामीन दुसऱ्यालाही मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना, म्हणून तो निकालापर्यंत आतच राहिला. सव्वीस महिने.

गुन्हा शाबीत ठरल्यावर शिक्षेपूर्वी आरोपीला ऐकून घ्यावे, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितले, आणि २०२४ पासून तिच्या जागी नवी संहिता आली तिनेही ते ठेवले आहे. त्याप्रमाणे स्नेह्यांनी दोघांनाही विचारले. पहिल्याच्या वतीने वकील पाऊण तास बोलले. गुणपत्रिका दाखल झाल्या, प्राचार्यांचे पत्र दाखल झाले, व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाचा अहवाल आला, आई मागच्या बाकावर बसली होती. दुसऱ्याला विचारले, 'शिक्षेबाबत तुला काही सांगायचे आहे?' तो म्हणाला, 'नाही, साहेब.' त्याचा सरकारी खर्चाने दिलेला वकील 'दया दाखवावी' एवढे म्हणून बसला. स्नेह्यांनी रोजनाम्यात लिहिले: आरोपीस काही म्हणायचे नाही.

पहिल्याला अटकेत काढलेले पाच महिने आणि दंड. दुसऱ्याला चार वर्षे.

'मी पक्षपात केला असे तुम्ही म्हणाल,' ते म्हणाले. 'मी त्या वेळी शपथेवर सांगितले असते की केला नाही. दोन्ही निकालपत्रे तर्कशुद्ध आहेत. पहिल्याने नफा घेतला नाही, दुसऱ्याने पैशासाठी केले. पहिल्याचे भवितव्य होते, सुधारण्याची साधने होती. दुसऱ्याच्या बाबतीत तसे काही अभिलेखावर नव्हते. अभिलेखावर नव्हते, हे शब्द माझेच आहेत.'

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग मनात जे आले ते येथे लिहितो.

पहिला अपराध सौम्यपणे पाहावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मनुस्मृतीत आणि याज्ञवल्क्यस्मृतीत दंडाच्या चार पायऱ्या आहेत: आधी शब्दाने समज, मग धिक्कार, मग द्रव्यदंड, मग देहाला दंड. दंड करताना पुन:पुन्हा केलेला अपराध आहे काय ते पाहावे, देश आणि काळ पाहावा, अपराध्याचे सामर्थ्य पाहावे, असे मनू सांगतो. किती समंजस वाटते! परंतु त्याच ग्रंथात वर्णाप्रमाणे दंड कमीअधिक सांगितलेला आहे. म्हणून 'तारतम्य' हा शब्द ऐकला की मी थोडा सावध होतो. तारतम्य पाहणारा डोळा कोणाकडे पाहायला शिकला आहे, हे आधी विचारावे लागते. तराजू निदान आंधळा असतो.

आमच्या आजच्या कायद्याला पहिलेपणाची भाषाच नाही, हे मला विलक्षण वाटते. दुसऱ्या अपराधाची त्याला पक्की भाषा आहे. काही मोठ्या प्रमाणांच्या पुनरपराधाला १९८९ च्या दुरुस्तीने देहदंड सक्तीचा केला होता. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनेशी विसंगत ठरवली आणि २०१४ मध्ये संसदेने ती काढली. किमान शिक्षेपेक्षा जास्त केव्हा द्यावी याचीही यादी कायद्यात आहे: शस्त्र वापरले, सार्वजनिक अधिकारपदाचा गैरफायदा घेतला, अल्पवयीनांना गुंतवले, शाळेत किंवा शाळेच्या आसपास केले. यादी चांगली आहे. कमी केव्हा द्यावी याची यादी शोधली तर मिळत नाही. इंग्लंडात २०१२ पासून निदान अपराध्याची भूमिका पाहतात, तो पुढारी होता, महत्त्वाचा होता की हलक्या कामाचा. आमच्याकडे ते न्यायाधीशाच्या मर्जीवर, आणि तेही रेषेच्या खाली असेल तर.

आणि गंमत अशी की पहिलेपणाची भाषा आमच्याजवळ होती. १९५८ साली याच संसदेने अपराध्यांच्या परिविक्षेचा कायदा केला. एकवीस वर्षांच्या आतील अपराध्याला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवू नये, आणि पाठवायचेच असेल तर न्यायाधीशाने कारणे लिहावीत, असे तो सांगतो. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती बाब साधी आहे: निर्णयापूर्वी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. म्हणजे कोणीतरी सरकारी माणूस उठून त्या मुलाच्या घरी जातो, आईशी बोलतो, शेजाऱ्यांना विचारतो, मुलगा काय खातो, कोणाबरोबर हिंडतो, कामावर वेळेवर जातो काय, हे लिहून आणतो. मग १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि त्याने सांगितले की अठरा वर्षे पूर्ण झालेल्याला, स्वतःच्या सेवनासारख्या एकदोन कलमांखेरीज, तो १९५८ चा कायदा लागू नाही. शिवाय या कायद्याखाली दिलेल्या शिक्षेत सूट नाही. खून केलेल्या कैद्याला चांगल्या वागणुकीची सूट मिळू शकते. गोळ्या वाटणाऱ्याला नाही. ज्या महाराष्ट्रात १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांना बिनभिंतींच्या वसाहतीत ठेवले, आणि त्या प्रयोगावरून शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, तिथे हे वाचताना मन चमकते.

आता स्नेह्यांच्या दोन मुलांकडे पुन्हा पाहू. कायद्याने माणूस पाहण्याचे दार बंद केले, असे आपण म्हणतो. ते सर्वांना सारखे बंद झाले काय? पहिल्या मुलाने जे दाखल केले ते दुसरे काय होते? प्राचार्यांचे पत्र, समुपदेशकाचा अहवाल, आई: तो परिविक्षा अधिकाऱ्याचाच अहवाल होता, फक्त घरच्या खर्चाने तयार केलेला. सरकारने मुलाच्या घरी माणूस पाठवण्याचे बंद केले, तेव्हा ज्यांना स्वतःचे घर न्यायालयात उचलून आणता येते त्यांचीच घरे न्यायाधीशाला दिसू लागली. ज्याला आणता आले नाही त्याला घरच नव्हते, असे निकालपत्र म्हणते. डब्याची पोहोच चुकू नये म्हणून जो पोरगा दुपारच्या उन्हात सायकल हाणीत असेल, त्याची ती शिस्त हीही एक गुणपत्रिकाच होती. ती दाखल करायला कोणी नव्हते.

आणि भवितव्य. ज्याच्यापुढे भवितव्य आहे त्याला ते मोडू नये म्हणून सोडायचे, आणि ज्याला मुळात ते कोणी दिलेच नाही त्याला नाही म्हणून कोंडायचे, हा हिशेब मला पटत नाही. काय गमावेल हे शिक्षेच्या मोजणीत धरू नये, असे माझे मत आहे. धरावे ते वय, कारण वीस वर्षांचा मुलगा कोणत्याही वस्तीत वीसच वर्षांचा असतो. धरावे ते पहिलेपण, आणि त्याने काय केले व काय जाणून केले ते. नफ्याचीही गोष्ट मला वाटते तितकी सोपी नाही. पाचशे रुपये घेणे वाईट. पण पोट भरलेले असताना केवळ मौज म्हणून दहा मित्रांच्या हातात अशी वस्तू ठेवणे, जिच्यात काय मिसळले आहे हे आपल्यालाही ठाऊक नाही, हे कोणत्या मापाने कमी वाईट? त्याने पैसे घेतले नाहीत, कारण त्याला ते लागत नव्हते.

मी हे म्हटले तेव्हा स्नेही थोडे चिडले. 'मग पहिल्यालाही चार वर्षे द्यायची होती? झाली असती समता.'

नाही, मला तसे वाटत नाही. पाच महिने पाहिलेल्या मुलाला तुरुंग आणखी काय शिकवणार होता, मला सांगता येत नाही. परंतु त्या निकालातही मला काही सलते. तो मुलगा पाऊण तासात एकदाही स्वतः बोलला नाही. त्याच्या वतीने त्याचे गुण बोलले. आपण वाटलेल्या गोळ्यांपैकी एखादी कोणाच्या अंगावर उठली असती तर, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही. त्याला सोडले ते त्याला ओळखून नव्हे, त्याची फाईल ओळखून. परिविक्षा असती तर वर्ष-दोन वर्षे कोणाला तरी तोंड दाखवावे लागले असते, कुठे जातोस ते सांगावे लागले असते, चाळीतल्या त्या आईसारख्या कोणा आईपुढे बसावे लागले असते. तो दंड भरून गेला. दया म्हणजे हात झटकणे नव्हे. तिला काम फार पडते, आणि म्हणूनच बहुधा आपण ती करीत नाही.

'अहवाल मला मागवता आला असता,' स्नेही थोड्या वेळाने म्हणाले. 'परिविक्षा द्यायची बंदी होती, चौकशी करायची नव्हती. मधल्या पायरीवर तर मी मोकळा होतो. पण त्या कायद्याखाली कोणी मागवीत नाही. मी कधी कोणाला मागवताना पाहिले नव्हते.' मग त्यांनी पाण्यात बोटे बुडवून मोजायला सुरुवात केली. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने, सव्वीस आधीच झालेले, उरले बावीस, सूट नाही. 'सुटून सात महिने झाले,' ते म्हणाले. त्यांना दिवसही ठाऊक होता. पत्ता निकालपत्रातच होता.

दुपारी आम्ही सामान घेऊन वज्रेश्वरीच्या थांब्यावर आलो. आम्हांला वसईकडे जायचे होते. भिवंडीची गाडी आधी आली. स्नेही पायरीवर चढले, त्यांनी कंडक्टरला तिकीट किती ते विचारले, आणि खाली उतरून पुन्हा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.